कशावरून

सतरंजी अंथरायला अण्णा वाकला, आणि त्याच्या सदऱ्याच्या उघड्या गळ्यातून काळ्या दोऱ्यातला तांब्याचा ताईत बाहेर येऊन लोंबकळला. त्यानं तो घाईनं आत सारला. पण लीलाला तो दिसला होता, आणि तिला दिसला हे अण्णालाही दिसलं होतं. क्षणभर दोघं बहीणभाऊ त्या पत्र्याच्या खोलीत एकमेकांकडे न बघता उभे राहिले. पुरात घरं गेलेल्यांना सरकारनं दिलेली ती खोली. तिच्यात अजून कुणाचाच वास मुरला नव्हता. अण्णा कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा. लहानपणी लीलाला पिंपळावरच्या मुंजाची भीती वाटायची, तेव्हा याच अण्णानं तिला खांद्यावर घेऊन अमावास्येच्या संध्याकाळी पिंपळाखाली नेलं होतं आणि मुंजा म्हणून फडफडणारी वटवाघळं दाखवली होती. "असू दे गं," अण्णा आता म्हणाला, "गळ्यात असलं म्हणून बिघडतं कुठं?" वहिनीनं स्टोला पंप मारायला सुरुवात केली आणि त्या आवाजात बोलणं राहून गेलं. एक शब्द लीलाच्या ओठांपर्यंत आला होता. साधाच शब्द, त्यांच्या घरात मीठ-पाण्यासारखा रोज वापरलेला. तिनं तो गिळला. जुलैपासून ती तो गिळतच आली होती.

परतीच्या एस.टी.त खिडकीशी बसल्यावरही तो ताईत तिच्या डोळ्यांपुढून हलेना. पुण्यात तेव्हा दुसरा विषयच नव्हता. बासष्ट सालचा जानेवारी संपत आला होता. येत्या शनिवारपासून सोमवारपर्यंत आठ ग्रह मकर राशीत गोळा होणार आणि पृथ्वीवर काही तरी भयंकर घडणार, असं ज्योतिषी सांगत होते. चौकाचौकांत मांडव पडले होते, होमाचा धूर गल्ल्यांतून तरंगत होता, शिकलेसवरलेले लोक रजा काढून गावी निघाले होते. आणि भयंकर म्हणजे काय हे या शहराला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. भिंतींवर माणसाच्या डोक्यापेक्षा कितीतरी वर गेलेली चिखलाची रेघ अजून तशीच होती. लीला जाता-येता त्या रेघेकडे मान वर करून बघायची. दर वेळी तिला वाटायचं, आपण पाण्याच्या तळाशी उभे आहोत आणि वर, त्या रेघेपाशी, पाण्याचा पृष्ठभाग अजून शांतपणे हलतो आहे.

त्या रेघेच्या खाली नाना गेले. नाना म्हणजे तिचे वडील. जन्मभर मास्तरकी केलेले. घरात कुणी काहीही बोललं की नाना वर्तमानपत्रातून डोकं न काढता विचारायचे, कशावरून? आज पाऊस येणार. कशावरून? मुंग्या अंडी घेऊन चालल्यात. मग नाना वर्तमानपत्र खाली ठेवून मुंग्या बघायला उठायचे. शेजारचे काका रागीट आहेत. कशावरून? आणि मग लहानग्या लीलाला शोधून काढावं लागायचं, की काकांना रागावताना आपण स्वतः कधी पाहिलं, की नुसतं आईनं सांगितलं. कितीदा तरी शोधता शोधता हाती काहीच लागायचं नाही, आणि एवढी पक्की वाटणारी गोष्ट अशी पोकळ निघाली की तिच्या अंगावर काटा यायचा. भीतीचा नव्हे, कसलासा वेगळाच. ओसाड माळावर एकाएकी खूप मोठं आभाळ दिसावं तसा. जुलैतल्या त्या सकाळी वरच्या बिऱ्हाडातला वाल्मीक, छापखान्यात खिळे जुळवणारा, धापा टाकत आला आणि म्हणाला, नाना, पानशेत फुटलं, पाणी येतंय, चला. नाना दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण होता, असं वाल्मीकनं नंतर सांगितलं. ते सांगताना त्यानं स्वतःच्या गालाला हात लावला होता. नानांनी विचारलं, कशावरून? तू पाहिलंस? वाल्मीक म्हणाला, लोक सांगतायत. नाना म्हणाले, लोकांना कुणी सांगितलं? वाल्मीकनं आपल्या म्हाताऱ्या आईला पाठीवर घेतलं आणि तो टेकडीकडे पळाला. नानांनी दुसरा गाल पुरा केला असेल. चहाचं आधण ठेवलं असेल. गल्लीत पाणी दोन्ही तोंडांनी शिरलं. आई कधीच गेली होती, अण्णा-वहिनी परगावी होती, आणि त्या वेळी लीला पौडच्या शाळेत आठवीच्या वर्गाला नद्यांचा धडा शिकवत होती.

पौडला ती येऊन दोन वर्षं होत आली होती. शाळा नवी, भाताच्या जुन्या वखारीत भरणारी. पाऊस लागला की भिंतींतून तुसाचा वास सुटायचा. शिक्षक थोडे, म्हणून भूगोल, विज्ञान आणि इतिहास तिन्ही तिच्याकडेच. पहिल्या वर्षी तिनं तिन्ही विषयांत तो एकच शब्द पेरला होता. पुस्तकात होतं, किल्लेदार भ्याला आणि पळाला. कशावरून? लिहिणारा तिथं होता का? तो जिंकणाऱ्याच्या बाजूचा की हरणाऱ्याच्या? पोरं आधी गप्प बसली, मग हळूहळू कुजबुजू लागली, की पळणारा माणूस कुणाला तरी बोलवायलाही पळत असेल. जड धोंडा आधी पडतो असं सगळा वर्ग शपथेवर सांगत होता. तेव्हा वखारीच्या माळ्यावरून दोन धोंडे एकदम सोडून झाले आणि वर्ग बराच वेळ त्या पडलेल्या धोंड्यांकडे बघत राहिला. पुढं पुढं सगळ्यांना त्या शब्दाची बाधाच झाली. शिपाई घंटा झाली म्हणाला तरी मागच्या बाकावरून आवाज यायचा, कशावरनं? वर्गातल्या दोन मुलींपैकी एक जया, शाळा समितीचे अध्यक्ष हैबतराव यांची लेक. तिनं घरी आजीला, तुळजाबाईला, मांजर आडवं गेल्यावरून तोच प्रश्न केला आणि पाठीत धपाटा खाल्ला. हैबतराव तक्रार घेऊन शाळेत आले, आणि तक्रार सांगता सांगता स्वतःच हसत सुटले. मोठा शेतकरी, आडवा बांधा, मोठा आवाज. जाताना म्हणाले होते, आमची म्हातारी धा वर्सांत पयल्यांदा इचारात पडलीया.

पण जुलैनंतर लीलानं तो शब्द वर्गात काढला नाही. सुतक संपवून ती परत आली, खडू उचलला आणि पुस्तकात होतं तसंच्या तसं शिकवू लागली. किल्लेदार भ्याला. ठीक आहे, भ्याला. पोरं सुरुवातीला वाट बघायची. वाक्य संपलं की क्षणभर वर्गात एक जागा मोकळी राहायची, ताटात वाढायचं राहून गेलेल्या पदार्थासारखी. मग त्यांनाही सवय झाली. लीलाला वाटायचं, बरं झालं. या शब्दानं माणूस जागच्या जागी बसतो आणि पाणी येतं. वाल्मीक काही न विचारता पळाला, तो वाचला. अण्णानं ताईत बांधला, कुणी सांगावं, अण्णाही वाचेल.

सोमवारी वर्गात अर्धीच पोरं होती. पौडच्या वरच्या अंगाला मुळेवर मुळशीचं धरण, आणि पानशेत फुटल्यापासून नदीकाठच्या घरांतली माणसं झोपेतही कान उघडे ठेवून असत. आता ग्रह एकत्र येणार म्हणजे काय होणार, हे इथं ज्योतिषानं सांगायची गरजच पडली नाही. ज्याच्या त्याच्या तोंडी धरणच आलं. देवळात होम मांडला होता. गाड्या भरून लोक रिह्याच्या खोऱ्यात पाहुण्यांकडे निघाले होते. तिथं मुळेचं पाणी पोचणार नाही म्हणून. भूगोलात नेमका जलविद्युतेचा धडा आला होता. लीलानं वाचलं, धरणे बांधून मानवाने पाण्याला अंकित केले आहे, आणि पुढच्या वाक्याला जाण्यासाठी श्वास घेतला. तेवढ्यात जया उभी राहिली.

"बाई," ती म्हणाली, "कशावरनं?"

जया तेरा-चौदा वर्षांची, काटकुळी, दोन्ही वेण्या घट्ट वर बांधलेली. तिच्या चेहऱ्यावर आगाऊपणा नव्हता. पायात मोडलेला काटा दाखवावा तसं तिनं विचारलं होतं. लीलाला पुस्तक खाली ठेवावं लागलं. ती म्हणाली, की हे वाक्य खरं आहे की नाही मला सांगता येणार नाही. मग जयाच बोलू लागली. घरी आजीला रोज रात्री स्वप्नात धरण फुटलेलं दिसतं, पुस्तक म्हणतं पाणी माणसाच्या ताब्यात आहे, आणि देवळात भटजी म्हणतात होम केला की टळेल. "बाई, धरन फुटलं न्हाई तर समदी म्हनत्याल, होमानं टळलं. फुटलं तर म्हनत्याल, होम कमी पडला. कायबी झालं तरी तेच खरं. मग होमाचं खरं हाय का खोटं, ते कळायचं कसं?"

लीला टेबलाची कड धरून उभी राहिली. हे तिनं शिकवलं नव्हतं. नानांनीही तिला कधी शिकवलं नव्हतं. वखारीच्या कौलांतून उन्हाचा एक कवडसा जयाच्या खांद्यावर पडला होता, त्यात तुसाचे बारीक कण फिरत होते, आणि लीलाला वाटलं, सहा महिने आपण हा दिवा मालवून ठेवला असं समजत होतो. तो आपल्याला न विचारता जळतच होता, आणि आता त्याचा उजेड आपल्या हातापेक्षा लांब पडतो आहे. जे काहीही झालं तरी खोटं पडूच शकत नाही, त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा, हे एवढंसं पोर विचारत होतं. मोठ्या देवळाच्या गाभाऱ्यात शिरल्यावर आवाज आपोआप खाली येतो तसा तिचा आवाज खाली आला. मला माहीत नाही, ती म्हणाली. आणि हे शब्द वर्गात उच्चारताना तिला कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी हैबतराव शाळेत आले. वर्ग चालू असतानाच दारात उभे राहिले, डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं. त्यांनी सांगितलं, की निम्मं गाव निघालं आहे आणि निम्मं माझ्या तोंडाकडे बघतंय. मी निघालो की तेही निघणार. भात झोडून घरात पडलंय, जनावरं बांधलेली, म्हातारी माणसं थंडीत उघड्यावर न्यायची. उगाच न्यायची झाली तर ती तिथंच गारठून मरतील. आणि नाही नेली, आणि धरण फुटलं, तर. "बाई, तुमी शिकलेल्या हाय. तुमचा जलम पुन्याचा, पुरानं तुमचं घर गेलंय. एकच सांगा, धरन फुटनार का न्हाई? तुमी म्हनाल तसं मी करतो."

एवढा मोठा माणूस इतक्या साधेपणानं एखाद्याच्या हाती सगळं देतो, तेव्हा हात पुढं करायचा मोह होतो. नाही फुटणार, म्हणायचं. तिला तसं वाटतही होतं. पण वाटण्याला आधार काय, हे शोधायला ती आत वाकली तेव्हा तिथं काही नव्हतं. तिला धरण नुसतं नकाशातल्या निळ्या डागाएवढंच माहीत होतं. ती म्हणाली, मला माहीत नाही. हैबतरावांचा चेहरा पडला. शिकलेल्या बाईंकडूनही हेच ऐकायचं असेल तर शाळा कशाला काढली, असं काहीसं ते पुटपुटले आणि वळले. तेव्हा जया बाकावरून म्हणाली, "आबा, मग बघून येऊ की. फुटनार असलं तर कायतरी दिसंल."

गुरुवारी ते गेले. पेठेतल्या अलाउद्दीनची लॉरी कोळसा आणायला वर जातच होती. हौद्यात पोरं, पुढं लीला आणि हैबतराव. मामलेदारांनी शब्द टाकल्यामुळे राखणदारानं भिंतीच्या पायथ्याशी जायची वाट मोकळी केली. वाट वळली आणि भिंत समोर आली. काळ्या दगडाची ती भिंत खोऱ्याच्या एका कुशीतून दुसऱ्या कुशीपर्यंत गेलेली होती, आणि वर बघताना डोक्यावरची टोपी मागं पडावी एवढी उंच. तिच्यापुढं आवाज लहान होत होते. पाखरं तिच्या अंगावरून उडत होती ती ठिपक्यांसारखी दिसत होती. लीलाला आधी भीती वाटली, मग भीतीच्या पलीकडचं काही तरी. या दगडाच्या त्या बाजूला, अगदी हाताच्या अंतरावर असल्यासारखं, सगळं पाणी उभं होतं. काही न बोलता, रात्रंदिवस, तिच्या जन्माआधीपासून टेकून उभं. आणि माणसांनी छिन्नी-हातोड्यानं घडवलेले हे एकावर एक दगड, तेही काही न बोलता अलीकडून टेकलेले. हैबतराव तिच्या शेजारी येऊन थांबले. म्हणाले, "आईचं म्हायेर हितं हाय. पान्याखाली." एवढंच. तुळजाबाईला रात्री धरणाची स्वप्नं का पडतात हे लीलाला तेव्हा कळलं. तिच्या लेखी पाणी एकदा आलेलंच होतं.

मग पोरं कामाला लागली. काय बघायचं हे त्यांनी वर्गातच ठरवलं होतं. फुटणाऱ्या भिंतीला काय होईल? तडा जाईल, फुगेल, पाणी झिरपेल. भैरू नावाचा मुलगा ओरडला, इथं ओल आहे. सगळे धावले. दोन दगडांच्या सांध्यातून एक काळपट ओघळ खाली आला होता. हैबतराव ओघळाशी वाकले. राखणदार म्हणाला, ते जुनंच आहे, वर्षानुवर्षं आहे. जया खाली बसली, नाक दगडाला लागेल इतकी जवळ गेली, आणि बोटानं ओघळाच्या काठचं शेवाळ दाबून बघू लागली. गादीसारखं जाड होतं ते. खालचा थर काळा, त्यावर तपकिरी, त्यावर हिरवा. एका पावसाळ्यात एवढं चढत नाही, ती म्हणाली. आमच्या विहिरीवर मी बघितलंय. आणि पाणी वाढलं असतं तर शेवाळ धुऊन गेलं असतं. तिनं हाताचा पंजा पसरून दगडावर टेकवला आणि तशीच राहिली. एक एक करून सगळ्यांनी हात टेकवले. हैबतरावांनीही. मग वर जाऊन जलाशय पाहिला. पाणी उतरलं होतं, काठानं तांबड्या मातीचा रुंद पट्टा उघडा पडला होता. पानशेत मातीचं आणि नवं होतं, ऐन पावसात पहिल्यांदाच भरलं होतं. हे दगडाचं, बापजाद्यांच्या वेळचं, आणि आता तर पौष, पावसाळा कधीच सरलेला. हे फरक पोरांनीच एकेक करून बोलून काढले. एवढ्यानं नक्की काही सिद्ध होत नाही, हेही त्यांच्यातल्याच कुणी तरी म्हटलं.

खाली झाडाखाली बसून भाकऱ्या सोडल्या तेव्हा जयानं विचारलं, पानशेतच्या वेळी पुण्यात आधी कुणी सांगायला आलं नव्हतं का. लीलाच्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो तिनं परत फडक्यात ठेवला. तिनं ही गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती; अण्णाशीसुद्धा ती त्यावर कधी बोलली नव्हती. "माझ्या वडिलांना सांगायला माणूस आला होता," ती म्हणाली. "त्यांनी त्याला विचारलं, कशावरून?" पुढचं तिनं सांगितलं नाही, पण पोरांना कळलं. अलाउद्दीन बिडी ओढत होता, त्यानं ती विझवली. लीलाला वाटलं, आता संपलं. आता हा शब्द यांच्याही तोंडून कधी निघणार नाही.

"मग बघायला गेले न्हाईत?" जयानं हळूच विचारलं.

"नाही."

"नदी लांब व्हती?"

"नाही," लीला म्हणाली. "गल्लीच्या टोकाला."

जयानं मान हलवली. भिंतीवरून वारा उतरत होता आणि त्याला पाण्याचा वास होता. लीला त्या वाऱ्यात बसून राहिली. मुंग्या बघायला वर्तमानपत्र ठेवून उठणारे नाना तिला आठवले, आणि त्या सकाळी न उठलेले नाना. प्रश्न तोच होता. आधी तो दार उघडायचा, आणि म्हातारपणी केव्हा तरी, कुणाच्या लक्षात न येता, तो दाराची कडी झाला होता. नानांची चूक तिनं कधी बघितलीच नव्हती. तिनं एक तर नानांना बरोबर धरलं होतं किंवा शब्दाला गुन्हेगार. आता नाना तिला साबण लावलेल्या गालानिशी, साधे, थकलेले दिसले. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पोरांपुढं ते पुसावंसं तिला वाटत नव्हतं.

लॉरीत चढायच्या वेळी हैबतराव थबकले. शनिवारी मी इथं येऊन राहतो, ते म्हणाले. सोमवार उलटेपर्यंत. बघायचं तर एक दिवस बघून भागत नाही. धरणाच्या कचेरीत फोन होता आणि पौडला मामलेदारांकडे फोन होता. पण फोनवर कुणीही काहीही बोलेल, गावानं विश्वास का ठेवावा, असं भैरूनं काढलं. हैबतराव म्हणाले, "माझा आवाज समद्यांच्या वळकीचा हाय. मला भित्रा म्हनत्याल, पर खोटं बोलतो असं कोन म्हननार न्हाई." आणि असंच ठरलं. नदीला लागून असलेली घरं तेवढी वर शाळेत आली. बाकीचं गाव हैबतरावांच्या आवाजावर जागेवर राहिलं. होमही चालू राहिला. तो थांबवा असं कुणी म्हटलं नाही, लीलानंही नाही.

ते दिवस विलक्षण शांत गेले. सकाळ-संध्याकाळ कचेरीपुढं गाव जमायचं, कारकून फोन कानापासून लांब धरायचा, आणि त्या काळ्या नळीतून हैबतरावांचा आवाज सगळ्यांना ऐकू जायचा, भित जाग्यावर हाय. मग माणसं घरी जायची. रविवारी दुपारी लीला एकटीच नदीवर गेली. तिचं डोकं सांगत होतं की घाबरायचं कारण नाही. अंग ते ऐकत नव्हतं. तिनं चपला काढल्या आणि ती घोटाभर पाण्यात उभी राहिली. पाणी गार होतं, स्वच्छ, तळाचे गोटे मोजता येतील असं. वर निरभ्र आभाळ. आठांतला सूर्य तेवढा दिसणारा, बाकीचे ग्रह आत्ता त्याच्या आसपास, उजेडात बुडालेले, कुणालाही न दिसणारे. ज्यांच्या भीतीनं देश घराबाहेर पडला होता ते कुणालाच दिसत नव्हते, आणि ती मात्र पायांना लागणारं पाणी बघत होती. एवढं थोडं आपल्याला बघता येतं, आणि तेवढंच बघत बघत पुढं जायचं. तिला त्या थोड्याचं केवढं तरी मोल वाटलं.

सोमवार उलटला. मंगळवारी सकाळी हैबतराव खाली आले तेव्हा वेशीवर नारळ फुटले, गुलाल उधळला. कुणी म्हणालं होम फळला, कुणी म्हणालं हैबतरावांची पुण्याई. ते गुलालानं भरलेले तसेच शाळेत आले. वर्ग आज गच्च होता. लीलानं त्यांना आपली खुर्ची दिली आणि ती मागं भिंतीला टेकून उभी राहिली. हैबतरावांनी सांगितलं, भिंत बघितली, काही झालं नाही, आता निर्धास्त शिका. एवढं बोलून ते उठणार, तोच भैरूनं विचारलं, तुम्ही स्वतः बघितलं की राखणदारानं सांगितलं? स्वतः, ते म्हणाले. ती ओल वाढली का? नाही, रोज हात लावून बघितली. मग जया उभी राहिली.

"आन रातचं, आबा?"

हैबतराव थांबले. बाहेर हलगी वाजत होती. लीलाला त्यांच्या चेहऱ्यावर एक सोपं हो वर येताना दिसलं; ज्या माणसाला गाव खांद्यावर घेऊ बघतंय त्याच्या तोंडी ते किती सहज आलं असतं. त्यांनी लेकीकडे बघितलं, मग सगळ्या पोरांकडे.

"शनवारी आन सोमवारी जागलो," ते म्हणाले. "ऐतवारी डोळा लागला. उजाडल्यावरच जाग आली."

त्याच रात्री त्यांच्या भरवशावर सगळं गाव गाढ झोपलं होतं.

"म्हंजी ऐतवारची रात आपल्याला म्हाईत न्हाई," जया म्हणाली.

"न्हाई," हैबतराव म्हणाले. "म्हाईत न्हाई."

कुणी हसलं नाही, कुणी रागावलं नाही. पोरांनी ते उत्तर ऐकून घेतलं, जसं शेवाळ दाबून बघितलं होतं तसं. लीलाला पाठीमागची भिंत तळव्यांना लागत होती. गावाच्या वतीनं कुणीही जागं नसलेली ती एक पूर्ण रात्र तिच्यापुढं उभी राहिली. काळोखात दगड, दगडाला टेकलेलं पाणी, आणि कुणी बघो न बघो, ते दोघं आपापल्या जागी. आणि इथं, तुसाच्या वासाच्या या वखारीत, गावातला सगळ्यांत मोठा माणूस गुलालानं माखलेल्या तोंडानं तेरा वर्षांच्या पोरीला माहीत नाही म्हणून सांगत होता. यांतलं मोठं कुठलं, तिला ठरवता येईना.

हैबतरावांनी मुंडासं उचललं. बाहेर त्यांना हाका मारत होते. येऊ का, असं त्यांनी विचारलं. लीलाला नव्हे, वर्गाला.

"बसा, आबा," जया म्हणाली. "अजून इचारायचं हाय."

आणि ते पुन्हा खुर्चीवर बसले.